चार शाखा, एक समीकरण

अभियांत्रिकी प्रवेशाच्या फेऱ्या सुरू झाल्या की कोल्हापुरात तोच वाद नव्याने पेटतो. एक बाजू म्हणते, सिव्हिल-मेकॅनिकलकडे मुलं वळत नाहीत, तेव्हा प्रत्येक शाखेत कोडिंग आणि एआय घाला. दुसरी म्हणते, यात मूळ शाखांचं वाटोळं होईल. उलट वर्कशॉपचे तास वाढवा, मुलांना शिरोलीच्या आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींतल्या फौंड्रीत, म्हणजे धातू ओतण्याच्या कारखान्यात, उभं करा. दोन्हीकडची तळमळ खरी आहे. वाद मात्र चुकीच्या जागी अडकला आहे. दोघेही विषयांची बेरीज-वजाबाकी करत बसतात: हा घाला, तो काढा, याला चार श्रेयांक, त्याला तीन. जे विषय आज शिकवले जातात त्यांचा एकमेकांशी संबंध काय, हे कोणी विचारत नाही. माझं म्हणणं असं की शाखा आहेत तशा राहू द्याव्यात. पण दुसऱ्या वर्षाच्या दोन्ही सत्रांत सर्व शाखांना प्रणाली-सिद्धांताचा एकच, प्रयोगांवर उभा असलेला विषय शिकवावा, आणि पुढचे शाखेचे विषय त्या पायावर रचावेत.

प्रणाली-सिद्धांत म्हटलं की 'सगळं सगळ्याशी जोडलेलं असतं' अशा ढगळ भाषणांची आठवण होते. इथे तो अर्थ नाही. इथे मोजता येणारं गणित अभिप्रेत आहे. विजेत व्होल्टेज आणि करंट, पाण्यात दाब आणि प्रवाह, शाफ्टमध्ये टॉर्क आणि कोनीय वेग, सरळ हालचालीत बल आणि वेग: यातल्या कोणत्याही जोडीचा गुणाकार करा, उत्तर वॉटमध्येच येतं. प्रत्येक क्षेत्रात काही घटक साठवतात, काही अडवतात, काही बदलालाच विरोध करतात. टाकी आणि कपॅसिटर साठवतात. झडप, रेझिस्टर आणि घर्षण अडवतात. फ्लायव्हील, इंडक्टर आणि लांब पाइपमधलं वाहतं पाणी यांना जडत्व असतं. एक साठा आणि एक अडथळा असला की नियम एकच उरतो: येणारं वजा जाणारं म्हणजे साठ्यातला बदल. सिव्हिलचा विद्यार्थी हे जलाशयातून पूर कसा पुढे सरकतो ते काढताना शिकतो, इलेक्ट्रिकलचा विद्यार्थी आरसी (रेझिस्टर-कपॅसिटरच्या) सर्किटमध्ये, मेकॅनिकलचा विद्यार्थी तापलेला लोखंडी गोळा थंड होताना. तिघांच्याही आलेखात एका ठरावीक काळानंतर ६३.२ टक्के बदल पुरा झालेला असतो. पण तिघांची अक्षरं वेगळी, सत्रं वेगळी, पुस्तकं वेगळी. आपण एकच गोष्ट शिकलो हे त्यांना चार वर्षांत कोणी सांगत नाही.

यात केवळ वेळ वाया जात असता तर एवढं लिहिण्याचं कारण नव्हतं. खरं नुकसान कारखान्यात होतं, कारण इथले चिवट दोष बहुतेक वेळा दोन शाखांच्या सीमेवर सापडतात. फौंड्रीचा सँड प्लांट घ्या, जिथे साच्यांची वाळू तयार होते. ग्रीन सँडमध्ये, म्हणजे साच्याच्या ओल्या वाळूत, ओलावा साधारण ३ ते ४ टक्के आणि कंपॅक्टिबिलिटी (दाबल्यावर वाळू किती बसते ते) ४० टक्क्यांच्या आसपास ठेवायची असते. वाळू पुन्हा पुन्हा फिरते. प्रत्येक फेरीत धातूच्या उष्णतेने थोडं बेंटोनाइट (वाळू बांधून ठेवणारी माती) मरतं आणि नवी वाळू पडल्याने उरलेलं पातळ होतं. समजा, दर फेरीला सक्रिय मातीतला, म्हणजे अजून न मेलेल्या बेंटोनाइटमधला, १० टक्के हिस्सा असा जातो आणि वाळूच्या वजनाच्या ०.८ टक्के नवं बेंटोनाइट पडतं. मग माती ८ टक्क्यांवर स्थिर होते. साचे ठिसूळ वाटू लागले म्हणून सुपरवायझरने भर ०.९ केली. अखेरची पातळी ९ टक्के होणार, हे ठरलेलंच आहे. पण पहिल्या फेरीनंतर ती ८.१ असते, तिसऱ्या फेरीनंतर ८.२७, आणि दहा फेऱ्या झाल्यावरही ८.६५. सुरुवातीचा एवढा फरक लॅबच्या चाचणीतल्या नेहमीच्या चढउतारात सहज हरवतो. 'काही फरक पडला नाही' असं समजून भर १.० होते, मग १.१. आता माती ११ टक्क्यांच्या दिशेने निघालेली असते आणि ते कोणालाच दिसत नसतं. माती वाढली की वाळू पाणी जास्त मागते, पाणी वाढलं की ओतताना वाफ जास्त होते, कास्टिंगवर ब्लो होल, म्हणजे वायूची भोकं, येतात. मग घाबरून बेंटोनाइट एकदम तोडलं जातं आणि झोका उलट्या दिशेला सुरू होतो. रिजेक्शनच्या वहीत कारण लिहिलं जातं: वाळू खराब.

वाळू खराब नव्हती. संथ प्रणालीवर उतावळा हात चालवला गेला, एवढंच झालं. धातुशास्त्र शिकलेला इंजिनिअर बेंटोनाइटचे बंध कसे जुळतात ते उत्तम सांगेल, पण हा झोका बेंटोनाइटचा गुण नाही, त्यामुळे त्याच्या पुस्तकात तो सापडणार नाही. ज्या इलेक्ट्रॉनिक्सच्या मुलाला गेन (फरक दिसला की किती जोराने दुरुस्ती करायची ते) आणि उशीर यांचं नातं पाठ आहे, त्याने सँड प्लांट पाहिलेला नाही. उपाय एका ओळीचा आहे. ८ वरून ९ वर जायचं तर एका फेरीत १.८ टक्के टाकायचं आणि पुढच्या फेरीपासून ०.९ वर थांबायचं, ७.२ अधिक १.८ म्हणजे ९. मिक्सरला एवढी माती एका दमात वाळूत नीट मिसळता येत नाही, म्हणून ती तीन-चार फेऱ्यांत वाटायची. इथे हिशोब प्रणालीचा लागतो आणि मर्यादा मिक्सरची कळावी लागते. दोन्ही एकाच डोक्यात असल्याशिवाय हे सुचत नाही. परतीची वाळू ५० अंशांच्या वर गरम असेल तर आणखी एक अडचण येते: मिक्सरपाशी मोजलेला ओलावा मोल्डिंग मशिनपर्यंत टिकत नाही. मोजमाप एका जागी आणि परिणाम दुसऱ्या जागी असला की कोणताही कंट्रोलर फसतो, मग तो माणूस असो वा पीएलसी (यंत्रं चालवणारा छोटा संगणक).

साखर कारखान्याच्या सहवीज प्रकल्पात हेच वेगळ्या रूपात दिसतं. टर्बाइनने अचानक जास्त वाफ ओढली की बॉयलरच्या ड्रममधला, म्हणजे पाणी आणि वाफ असलेल्या टाकीतला, दाब घसरतो, पाण्यातले बुडबुडे फुगतात आणि काचेवर पातळी वर चढलेली दिसते. प्रत्यक्षात ड्रममधलं पाणी कमी होत असतं. फक्त पातळीकडे पाहणारा कंट्रोलर अशा वेळी फीड वॉटर (बॉयलरला पुरवलं जाणारं पाणी) कमी करतो, म्हणजे जे हवं त्याच्या नेमकं उलट. थोड्या वेळाने फुगवटा ओसरतो, पातळी कोसळते आणि बॉयलर ट्रिप होतो. म्हणून मोठ्या बॉयलरवर पातळीच्या जोडीला वाफेचा प्रवाह आणि फीड वॉटरचा प्रवाह असे तिन्ही सिग्नल घेणारं थ्री-एलिमेंट कंट्रोल बसवतात. इथलं इंधन असलेल्या बगॅसमध्ये (उसाच्या चोथ्यात) निम्मं पाणीच असतं आणि ते प्रमाण सतत हलतं, त्यामुळे इथे दाबाला धक्के रोजचेच. आता हा प्रश्न कोणत्या शाखेचा? मेकॅनिकलच्या पुस्तकात बॉयलरची माउंटिंग्ज (त्यावर बसवलेली उपकरणं) आहेत, कंट्रोल लूप (मोजायचं आणि त्यावरून दुरुस्त करायचं हे चक्र) नाही. इन्स्ट्रुमेंटेशनच्या पुस्तकात लूप आहे, बुडबुडे का फुगतात ते नाही. मधली जागा अनुभवी बॉयलर अटेंडंट सांभाळतो, आणि तो निवृत्त झाला की ते ज्ञानही त्याच्याबरोबर जातं.

पंचगंगेच्या खोऱ्यातल्या उपसा सिंचन योजनांचंही तसंच. पोलादी रायझिंग मेनमध्ये (पाणी वर चढवणाऱ्या मुख्य पाइपमध्ये) प्रवाह एकदम अडला तर वेगाच्या दर सेकंदाला एक मीटरमागे सुमारे १०० मीटर पाण्याच्या उंचीइतका जादा दाब उसळतो. दाबाची लाट पाइपमधून सेकंदाला साधारण हजार मीटरने धावते; दीड किलोमीटरच्या लाइनीत ती टोकाला जाऊन परत यायला तीन सेकंद लागतात, आणि व्हॉल्व्ह त्याहून सावकाश मिटला तर धक्का बराच कमी होतो. या लाटेचं समीकरण आणि वीजवाहिनीवरून धावणाऱ्या सर्जचं (व्होल्टेजच्या अचानक उसळीचं) समीकरण अक्षरांपुरतं वेगळं आहे. इलेक्ट्रिकलचा विद्यार्थी परावर्तन आणि इम्पिडन्स शिकतो, सिव्हिलचा विद्यार्थी सर्ज टँक (दाबाचा धक्का झेलणारी टाकी) शिकतो. एकाच बाकावर बसवलं तर दोघे हा विषय निम्म्या वेळात आणि दुप्पट खोलीने शिकतील.

शाखांच्या भिंती निसर्गाने बांधलेल्या नाहीत, हेही लक्षात घ्यायला हवं. लंडनमध्ये सिव्हिल इंजिनिअरांची संस्था १८१८ मध्ये निघाली, मेकॅनिकलची १८४७ मध्ये, तार-यंत्रवाल्यांची १८७१ मध्ये. आपल्याकडे रुरकी १८४७ चं, पुण्याचं कॉलेज १८५४ चं. तिथे गरज होती ती रस्ते, कालवे आणि इमारती बांधणाऱ्या सरकारी खात्याला माणसं पुरवण्याची. व्यवसायाच्या संघटना जशा उभ्या राहिल्या तशा शाखा पडल्या. आणि या वाटणीची किंमत एकोणिसाव्या शतकातच दिसू लागली. जेम्स वॉटने १७८८ मध्ये वाफेच्या इंजिनाला गव्हर्नर, म्हणजे वेग आपोआप राखणारी यंत्रणा, बसवला. पुढे यंत्रकाम सफाईदार झालं, घर्षण घटलं, आणि चांगले चालणारे गव्हर्नर झोके खाऊ लागले. इंजिन एकदा वेगाने पळे, एकदा मंदावे. कारागिरी सुधारल्यावर दोष वाढला, याचं उत्तर कारागिरीत सापडणार नव्हतं. १८६८ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेलने त्याचं समीकरण मांडून स्थिरतेची अट शोधली. त्यानंतर साठ वर्षांनी टेलिफोनवाल्यांसमोर तीच तक्रार आली. ब्लॅकने १९२७ मध्ये फीडबॅक (बाहेर पडलेल्या सिग्नलचा काही भाग परत आत देणारा) ॲम्प्लिफायर सुचवला आणि तो कधी स्थिर राहतो, कधी शिट्टी मारू लागतो, याचा निकष नायक्विस्टने १९३२ मध्ये दिला. नायक्विस्टची पद्धत नवी होती, त्याचं श्रेय त्याचंच. पण जहाजाचं सुकाणू, रसायनाची टाकी, इंजिन आणि ॲम्प्लिफायर या सगळ्यांचा आजार एक आहे हे सगळ्यांना मिळून कळायला दुसऱ्या महायुद्धातल्या तोफांचा नेम धरण्याच्या कामाची वाट पाहावी लागली. आपल्या विद्यार्थ्यांनी तीच वाट पुन्हा पहिल्यापासून का चालावी?

विरोधी बाजूचे मुद्दे हलके नाहीत. सर्वांत वजनदार मुद्दा इतिहासच पुढे करतो. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात डीन बोल्टर यांनी १९४० च्या दशकाच्या मध्यापासून विभागच न ठेवता अभियांत्रिकीची एकच पदवी चालवली. ते निवृत्त झाल्यावर काही वर्षांतच विभाग परत आले. १९५५ च्या ग्रिंटर समितीने अमेरिकेत सर्व शाखांना समान अभियांत्रिकी-विज्ञानाचा पाया सुचवला. पुढच्या काळात तिथल्या कॉलेजांत सिद्धांत फुगला आणि वर्कशॉप व ड्रॉइंग आटलं, ही तक्रार आजही ऐकू येते. हे मान्य केल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. पण यातून निष्कर्ष काय निघतो? शाखा मोडू नका आणि हाताचं काम काढून टाकू नका, एवढाच. सामाईक पाया नको, असा तो निघत नाही. म्हणूनच माझी मागणी एका विषयाची आहे, एका पदवीची नाही; आणि त्या विषयाचा निम्मा वेळ प्रयोगशाळेत जावा अशी आहे.

दुसरा मुद्दा फौंड्रीवाले मांडतात आणि तो रास्त आहे: लोखंड हे लोखंडच असतं. कार्बन इक्विव्हॅलंट, इनॉक्युलेशन, भट्टीच्या अस्तराची झीज हे कोणत्याही आकृतीतल्या चौकोनात बसत नाही. साम्य दाखवताना साम्य कुठे तुटतं तेही शिकवावं लागेल. उष्णतेचंच बघा. तापमान आणि उष्णतेचा प्रवाह यांचा गुणाकार वॉट देत नाही, आणि उष्णतेला जडत्वाचा घटकच नाही. म्हणून पितळी पट्टी आपल्या आपण कधी झोके घेत थंड होत नाही, आणि ओव्हनचं तापमान झोके खात असेल तर दोष कंट्रोलर आणि सेन्सरच्या उशिरात शोधायचा. म्हणजे साम्य जिथे तुटतं ती जागाही निदानाला उपयोगी पडते.

वरवरच्या साम्याने माणसं फसतात, हा तिसरा आक्षेपही खरा. १९४० च्या नोव्हेंबरात अमेरिकेतला टॅकोमाचा झुलता पूल पडला, आणि अनेक पाठ्यपुस्तकांनी त्याला अनुनादाचं उदाहरण करून टाकलं, जणू वारा ठरावीक तालात धक्के देत होता. वारा तालात वाहत नव्हता. पुलाचा पट्टा पिळवटला की वाऱ्याचं बल बदले, आणि ते बदललेलं बल पिळाला आणखी ढकले. प्रत्येक फेऱ्यात ऊर्जा आत येत राहिली. हा फीडबॅकचा प्रकार आहे. झोके दिसले की अनुनाद, असं ज्यांना शिकवलं गेलं त्यांनी हे चुकवलं. चूक होते ती अर्धवट शिकवल्याने. उलट बाजूचं उदाहरण २००२ चं. केंब्रिजच्या माल्कम स्मिथ यांनी विजेच्या आणि यांत्रिक जाळ्यांची तुलना काटेकोर केली (इथे बलाची जोडी करंटशी, म्हणून वस्तुमानाची कपॅसिटरशी) तेव्हा दिसलं की यांत्रिक बाजूला एक घटक कमी आहे: कपॅसिटरला दोन मोकळी टोकं असतात, वस्तुमानाचं एक टोक मात्र जमिनीलाच बांधलेलं असतं. ती उणीव भरणारा इनर्टर त्यांनी मांडला आणि २००५ मध्ये तो मॅक्लारेनच्या शर्यतीच्या गाडीच्या सस्पेन्शनमध्ये धावला. नुसत्या गॅरेजच्या अनुभवातून हा भाग सुचला नसता.

कोणी म्हणेल, हे कारखान्याचं झालं, गावाचं काय? राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे विजेविना चालतात. धरण भरलं की उघडतात, पातळी उतरली की मिटतात. धरणाच्या सुरक्षेसाठी ही सुंदर रचना आहे. पण दरवाजाला फक्त आपल्या जलाशयाची पातळी कळते. कोल्हापूरजवळच्या राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगा ३९ फुटांच्या इशारा पातळीवर आहे की ४३ फुटांच्या धोका पातळीवर, कासारी, कुंभी आणि तुळशी या तिच्या इतर उपनद्यांतून किती पाणी येतं आहे, हे त्याला कळण्याची सोयच नाही. शहराचा विचार करायचा तर पाणी आधी, अंदाज पाहून सोडावं लागतं. प्रत्येक लूप आपापल्या जागी बरोबर असूनही सगळं मिळून पूर येऊ शकतो, हे २०१९ आणि २०२१ नंतर कोल्हापूरकराला सांगावं लागू नये. तरीही पुराची आपली चर्चा दर वेळी एकच गुन्हेगार शोधते: कधी अलमट्टी, कधी पूररेषेतलं बांधकाम, कधी महामार्गाचा भराव. यातल्या प्रत्येकाचा वाटा किती आणि किती तासांच्या उशिराने, हा प्रश्न विचारणारे इंजिनिअर आपण घडवत नाही.

आता व्यवहाराचं. 'शिकवणार कोण' हा आक्षेप मला सगळ्यांत कठीण वाटतो. प्राध्यापकांची पात्रता शाखेनुसार ठरते, वर्कलोड शाखेनुसार मोजला जातो. त्यामुळे नवा विभाग काढण्याचा घाट घालू नये. नव्या शैक्षणिक धोरणानंतर अभ्यासक्रमात मल्टिडिसिप्लिनरी मायनरला (आपल्या शाखेबाहेरच्या जोडविषयाला) जागा मिळाली आहे. ती आज बहुधा तयार सॉफ्टवेअर विषयांनी भरते. तिथे हा विषय बसतो. प्रयोगशाळेत दोन वेगळ्या शाखांचे शिक्षक एका वेळी उभे राहावेत, एवढा एकच आग्रह सोडू नये.

चार संच पुरतात, आणि त्यांना महागडं ट्रेनर किट लागत नाही: एकाखाली एक दोन टाक्या आणि १२ व्होल्टचा पंप, ब्रेडबोर्डवरचं आरसी आणि आरएलसी (त्यात इंडक्टरही असलेलं) सर्किट, फ्लायव्हील लावलेली डीसी मोटर आणि फिरणं मोजणारा एन्कोडर, ॲल्युमिनियमचा ठोकळा, हीटर आणि तापमान सेन्सर. चौघांनाही एकाच जातीचा मायक्रोकंट्रोलर, एकाच तऱ्हेची नोंद. पहिले सहा आठवडे फक्त पायरी द्यायची, म्हणजे पंप किंवा व्होल्टेज एकदम बदलायचं, आणि ६३.२ टक्क्यांचा काळ मोजायचा. टाकीचा काळ १० सेंटिमीटर पातळीला जेवढा येतो त्याच्या दुप्पट ४० सेंटिमीटरला येतो, कारण गळणारा प्रवाह उंचीच्या वर्गमुळावर चालतो. रेषीय गणित कुठवर चालतं हे मुलांनी इथेच स्वतः पाहावं. मग फीडबॅक लावायचा आणि गेन वाढवत न्यायचा, प्रणाली एकसारखे झोके घेऊ लागेपर्यंत. तो गेन आणि झोक्याचा काळ नोंदवून झिग्लर आणि निकोल्स यांच्या १९४२ च्या नियमाने पीआय (आत्ताचा फरक आणि साचलेला फरक दोन्ही पाहणारा) कंट्रोलर बसवायचा: गेन त्या गेनच्या ०.४५ पट, इंटिग्रल काळ म्हणजे झोक्याचा काळ भागिले १.२. आरसी सर्किट किंवा एकटी टाकी गेन वाढवूनही झोके घेत नाही. का नाही, हे शोधणं हा त्या आठवड्याचा प्रश्न. सेन्सर मुद्दाम लांब बसवला की उशीर वाढतो आणि तीच टाकी डोलू लागते. पंप पूर्ण वेगावर अडकला की इंटिग्रल साचत जातो आणि टाकी ओसंडते. ते एकदा सांडू द्यावं, मग अँटी-विंडअप, म्हणजे हे साचणं रोखण्याची युक्ती, शिकवावं.

हा विषय बिघडण्याची वाटही मला दिसते. गणित विभागाकडे दिला की लाप्लासचं (अशी समीकरणं सोडवण्याच्या गणिती पद्धतीचं) कोष्टक पाठ करण्याचा गणिताचा चौथा पेपर होईल. म्हणून पहिल्या सत्रात लाप्लास नको. वरच्या बेंटोनाइटसारखे हिशोब कागदावर, फेरीमागून फेरी, मग स्प्रेडशीटवर. लाप्लास दुसऱ्या सत्रात, गरज जाणवल्यावर. परीक्षेत निदान एक प्रश्न असा असावा की आलेख दिलेला आहे, तो टाकीचा की भट्टीचा हे सांगितलेलं नाही. प्रणालीची रचना ओळखा आणि ती कोणकोणत्या वस्तूंची असू शकते ते कारणांसह लिहा.

आणि कारखानदारांनीही 'मुलांना काही येत नाही' या तक्रारीपलीकडे एक गोष्ट द्यावी. सँड लॅबच्या तीन महिन्यांच्या रोजच्या नोंदी: ओलावा, कंपॅक्टिबिलिटी, सक्रिय माती, बेंटोनाइटची भर, परतीच्या वाळूचं तापमान, दोषानुसार रिजेक्शन. कंपनीचं आणि पार्टचं नाव काढून टाकलं तरी चालेल. विद्यार्थ्यांनी त्यातून दर फेरीचा ऱ्हास काढावा, पुढच्या महिन्याची माती आधीच लिहून बंद पाकिटात द्यावी, आणि महिनाअखेर फौंड्रीच्या सुपरवायझरसमोर दोन्ही आकडे ठेवावेत. जुळले नाहीत तर फरक कुठून आला हे दोघांनी मिळून प्लांटवर जाऊन शोधावं. सत्राचे शेवटचे वीस गुण त्या शोधाला द्यावेत.